नाव झाकून बघ

बाई माझ्या दुकानात आल्या की खुर्ची ओढायच्या नाहीत, पाणी मागायच्या नाहीत. सरळ कॉम्प्युटरपाशी यायच्या आणि पडद्यावर तळहात ठेवायच्या. गाण्याचं नाव, गायकाचं नाव, खालची मोबाइल नंबरांची रांग, सगळं त्या हाताखाली जायचं. उरायचा फक्त फोटो.

“नाव झाकलंय,” त्या म्हणायच्या. “आता सांग, गाणं कसलं हाय?”

“हळदीचं, बाई. वर लिवलंय ना.”

“लिवलेलं मला पण वाचता येतं. दिसतं काय ते सांग.”

मला सांगता आलं नाही की त्या हात उचलायच्या. “मग हे कव्हर नाय रे बाबा. फोटोवर पाटी मारलीस नुसती.” एवढं बोलून शेजारच्या त्यांच्या स्टुडिओत निघून जायच्या. पडद्यावर त्यांच्या पाचही बोटांचे ठसे राहायचे आणि मी ते फडक्याने पुसत बसायचो.

शहापूरला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमची दोन दुकानं भिंतीला भिंत लावून होती. माझ्याकडे फ्लेक्स, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर. त्यांच्याकडे निळा पडदा, एक पंखा आणि एक उंच स्टूल. त्या स्टुलावर बसून तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यातला पहिला पासपोर्ट फोटो काढून घेतला असेल. तुमच्यापैकी कोणी शहापूरचं असेल तर तुम्हीही त्या स्टुलावर बसला असाल आणि “मान जरा खाली, हां, आता श्वास सोडा,” हे ऐकलं असेल.

बाई मूळच्या मुरबाडकडच्या, सिद्धगडाच्या पायथ्याच्या. लग्न होऊन कल्याणला गेल्या. नवऱ्याचा तिथे स्टुडिओ होता. कॅमेरा, काळोख्या खोलीत फिल्म धुणं, सगळं त्या तिथेच शिकल्या. नवरा गेल्यावर दिरांनी स्टुडिओ ठेवून घेतला आणि यांच्या हातात एक जुना कॅमेरा दिला. “वाटणीत दुसऱ्यांना भिंती आल्या, मला डोळा आला,” असं त्या सांगायच्या. त्यात कडवटपणा असला तर तो मला कधी ऐकू आला नाही.

आमच्या भागात गाणारी माणसं फार. हळदीची गाणी, भजनं, पोवाडे, लग्नाची गाणी. आधी त्यांच्या सीडी निघायच्या, आता मोबाइलवरच्या चॅनेलवर गाणी येतात, पण ‘आल्बम’ हा शब्द कोणी सोडलेला नाही. आल्बम म्हटलं की कव्हर आलं. लोक माझ्याकडे येत. मी त्यांना फोटोसाठी बाईंकडे पाठवत असे, आणि तिथून पुढे गोंधळ सुरू व्हायचा. कारण लोकांना आपण कव्हरवर कसं दिसावं हे पक्कं ठाऊक असायचं. बाईंना गाणं कसं दिसतं ते हवं असायचं.

खर्डीकडचं एक भजनी मंडळ आलं होतं. अकरा माणसं. अकरांचे अकरा गोल, मध्ये देव, मागे देऊळ आणि कोपऱ्यात सरपंच, अशी त्यांची मागणी. बाई त्यांच्या गावात गेल्या, भजन सुरू होण्याआधीच फोटो काढून परत आल्या. फोटोत एक म्हातारा पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापत होता. मान तिरकी, कान पखवाजाला लावलेला. मागे दहा माणसं गप्प बसून त्याच्या बोटांकडे बघत होती. अजून एकही सूर लागलेला नव्हता.

मंडळ भडकलं. “बाई, आमची तोंडं कुठं हायत?”

“हायत ना मागं. बघा नीट.”

“पण आमी गातोय कुठं?”

“गाणार हायत ना आता? तेच तर काढलंय.”

शेवटी अकरा गोल मागच्या बाजूला टाकायचं ठरलं. पुढे ते मंडळ दुसऱ्या आल्बमसाठी आलं तेव्हा मात्र तोच म्हातारा मला हळूच म्हणाला, “पुढल्या बाजूला बाईंना काय पायजे ते करू दे. आमी मागं बसतो.”

हळदीच्या गाण्यांचा एक गायक होता. त्याला गॉगल लावून मोटारीला टेकलेला फोटो हवा होता. मला वाटलं, बाई याला हाकलणार. त्या म्हणाल्या, “गॉगल घाल. मोटार ऱ्हाऊ दे.” त्याला त्याच्याच घरच्या मांडवात बसवलं, आणि त्याच्या आईला सांगितलं, लाव पोराला हळद. फोटोत पोरगा गॉगल लावून एकदम हिरो दिसत होता, पण दोन्ही काचांत वाकलेली आई आणि तिची पिवळी बोटं दिसत होती. त्या कव्हरवर बाईंनी हात ठेवून विचारलं तेव्हा मी पटकन म्हणालो, “हळद, बाई.”

“हळद तर दिसतेच रे आंधळ्याला. आजून?”

“पोरगा मोठा झालाय आणि आईला तो अजून लहानच वाटतोय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “शिकतोस तू,” एवढंच म्हणाल्या. माझ्या कामाची त्यांनी केलेली एवढीच स्तुती मला आठवते.

गाणं ऐकायची त्यांची रीत वेगळी होती. मोबाइल कानाला लावून, डोळे मिटून, तेच गाणं चार-पाच वेळा. मी एकदा विचारलं, दुःखाचं गाणं असेल तर रडणारा चेहरा का नाही घेत तुम्ही? त्या पासपोर्ट फोटो कापत होत्या. कात्री न थांबवता म्हणाल्या, “रडतानाचा फोटो कुणी पण काढील. माणूस रडून उठतो, डोळे पुसतो आणि चुलीवर आंधण ठेवायला जातो ना, तवा बघ त्याच्याकडे. तवा तोंडावर खरं ऱ्हायलेलं असतं.”

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. त्यात माझी काही शोभा नाही.

आमच्याकडे लग्नात धवळे गाणारी बाई असते. तिला धवलारीण म्हणतात. मांडव घालण्यापासून मुलगी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं. सिद्धगडाच्या बाजूला एका पाड्यावर अशी एक आजी होती. सत्तरीच्या पुढची, पण आवाज अजून खणखणीत. कल्याणच्या एका चॅनेलवाल्याने तिची सात गाणी रेकॉर्ड केली आणि कव्हर माझ्याकडे दिलं. मी बाईंना घेऊन निघालो. मुरबाडला एस.टी. बदलली, पुढे जीप, आणि शेवटचा तुकडा पायी.

आजी अंगणात चिंचा फोडत बसली होती. बाई तिच्यासमोर बसल्या आणि त्याही चिंचा फोडायला लागल्या. कॅमेरा पिशवीतच. अर्धा तास गेला तेव्हा आजीनेच विचारलं, “फोटोवाली ना गो तू? मंग काढ की.”

“काढीन. आधी गाणं आयकू दे.”

आजी गायली. मुलगी सासरी गेल्यानंतरचं गाणं होतं. त्यात आई मांडवाच्या खांबाशी बोलते. तुझ्याजवळ माझी लेक उभी होती, उद्या तुलाही उपटून नेतील, मग ती कुठे उभी होती हे मला कोण दाखवील? गाणं एवढंच. मी जीपच्या वेळेकडे बघत होतो. बाईंच्या हातातली चिंच मात्र तशीच राहिली होती.

“आजी, खांब काढल्यावर खड्डा किती दिस ऱ्हातो?”

“खड्डा? दोन दिस. मंग शेणानं लिपतात.”

त्या दिवशी बाईंनी एकही फोटो काढला नाही. परतताना जीपमध्ये मला म्हणाल्या, “पाड्यात पुढचं लगीन कधी हाय ते इचारून ठेव.”

तीन आठवड्यांनी लग्न झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा तिथे होतो. मांडवाच्या फांद्या एका बाजूला ओढून टाकलेल्या. सारवलेल्या अंगणात खांबांचे खड्डे. आजी रात्रभर गाऊन थकलेली, नखांत हळद अडकलेली. ती एका खड्ड्याशेजारी येऊन बसली. बाईंनी बसवलं नव्हतं, तिथे ऊन कमी होतं म्हणून ती आपणहून बसली. बसल्या बसल्या तिने खड्ड्याच्या कडेची माती बोटाने आत लोटली आणि मान वर करून वाटेकडे बघितलं. बाईंनी तेवढ्यात काय ते केलं. चार फोटो काढले असतील जेमतेम.

मी कव्हर केलं. अक्षरं खाली, बारीक. बाई आल्या, पडद्यावर हात ठेवला, काही विचारलं नाही. मीच म्हणालो, “पोरगी गेली.”

त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा माझ्या दुकानात खुर्ची ओढली आणि चहा सांगायला लावला.

कव्हर चॅनेलवाल्याला पाठवलं. तासाभरात त्याचा फोन. “फोटो भारी आहे रे, पण क्लिक कोण करणार? म्हातारी आणि खड्डा! एखादी पोरगी टाक. नथ, नऊवारी, हसरी.” मी म्हणालो, आवाज तर आजीचा आहे. तो म्हणाला, “आवाज कोणाला दिसतोय?” आणि मी, या सगळ्या वर्षांत बाईंच्या हाताखाली शिकलेलो मी, इंटरनेटवर शोधलं, एक नथवाली उचलली आणि चिकटवली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सगळेच असं करतात, असं मनाशी म्हटलं. बाईंना सांगितलं नाही.

आठ दिवसांनी पासपोर्ट फोटोला आलेल्या कुणाच्या तरी मोबाइलवर बाईंना ते दिसलं. त्या आल्या. पडद्याकडे गेल्याच नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

“ही कोण?”

“माहीत नाय.”

“गाते का?”

मी पडदा पुसायचं फडकं उचललं.

“उद्या सकाळची एस.टी. धर. आजीला तू सांगायचं हायस. मी येते संगती, पण सांगणार तू.”

“बाई, तिला कुठं कळतंय मोबाइलमधलं?”

सकाळच्या एस.टी.त त्या माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. तेव्हा त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. त्या चढणीवर तीन वेळा बसल्या, पण माझा हात धरला नाही.

आजी अंगणातच होती. “या” म्हणाली नाही. शेजारच्या घरातून कोणीतरी हाक मारली, “आजी, तुजे फोटोवाले आले गो!” आणि दोघी-तिघी हसल्या.

झालं होतं ते असं. आजीने सगळ्या पाड्याला सांगून ठेवलं होतं, माजा फोटो मोबाइलमधी येणार. ज्या संध्याकाळी गाणी आली त्या संध्याकाळी नेटवर्क मिळतं तिथे, पाण्याच्या टाकीजवळ, पाडा जमला. आणि पडद्यावर नथवाली पोरगी. कोणी म्हणालं, “आजी, लय जवान झालीस.” कोणी म्हणालं, फोटो हिचा नाय तर आवाज तरी हिचा कशावरून? चेष्टाच ती. पण शेजारच्या पाड्यावर लग्न होतं, त्याला आजी गेली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिथला मांडव तिच्याशिवाय उभा राहिला. त्यांनी स्पीकर लावला.

हे सगळं आजीने चिंचा फोडता फोडता सांगावं तसं सांगितलं. आवाज चढवला नाही.

मी म्हणालो, “आजी, ते मी केलं. बाईंनी तुमचाच फोटो दिला होता. मी काढून टाकला.”

“का रं? मी बरी नाय दिसत?”

मी मान खाली घातली.

तीच पुढे म्हणाली, “मला बरं दिसायचं नव्हतं रे पोरा. माजं हाय ते माजं दिसावं, येवढंच.”

बाईंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला फोटो काढला. दोन वीत लांब, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. आजीने तो मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग तिचं बोट खड्ड्यावर थांबलं.

“हा तर आमच्या पुतणीच्या मांडवाचा खड्डा.”

“हो.”

“तू खड्ड्याचा फोटो काढलास गो?”

“तुमच्या गाण्यात तोच हाय ना,” बाई म्हणाल्या.

आजीने पदराने फोटो पुसला. मग उठली, फोटो दोन्ही हातांत उभा धरला आणि शेजारच्या घराच्या दारात जाऊन उभी राहिली. “या गो भायेर. हसत होता ना? या, बगा आता.” बायका आल्या. पोरंटोरं आली. एकीने फोटोतल्या आजीच्या पायाकडे बोट दाखवून म्हटलं, जोडवं पण आलंय. दुसरी खड्ड्याकडे बघून एकदम आत निघून गेली. नंतर कळलं, ती त्या नवरीची आई होती.

शहापूरला परत आलो आणि दुकान उघडायच्या आधी चॅनेलवाल्याला फोन केला. सांगितलं, त्या मुलीचा फोटो न विचारता उचललाय, तिने किंवा फोटो काढणाऱ्याने तक्रार केली तर तुझं चॅनेल बंद होईल.

“हे आता सांगतोस?”

“हो. आता सांगतोय.”

शिव्या घातल्या त्याने. पण दुपारपर्यंत आजीचं कव्हर लागलं होतं. पुढे त्याने मला काम दिलं नाही.

गाणी गाजली वगैरे नाहीत. खाली थोडे अभिप्राय आले. एक भिवंडीहून होता. लिहिणारीने लिहिलं होतं, ही आमची चुलती, हिनं माझ्या लग्नात गायलं होतं, आमचं अंगण दिसलं. मी तो बाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, “कळलं ना? आता काम कर,” आणि त्या दिवसापासून पुन्हा पहिल्यासारखं बोलायला लागल्या.

नंतर त्यांचा उजवा डोळा गढूळ झाला. ऑपरेशन केलं, पण कॅमेऱ्यातून पूर्वीसारखं दिसेना. फॉर्मसाठी आलेल्या एका मुलाचा फोटो त्यांनी तीनदा काढला, तिन्ही वेळा धूसर. चौथ्यांदा त्याला माझ्याकडे पाठवलं, मोबाइलवर काढून दे म्हणून. त्याच आठवड्यात जागा सोडतेय असं मालकाला सांगून मोकळ्या झाल्या. मी म्हणालो, मी आहे ना फोकस बघायला. “लोकांना धूसर दिल्यापेक्षा बंद बरं,” त्या म्हणाल्या. कॅमेरा त्यांनी डोळखांबकडच्या एका शिक्षिकेला देऊन टाकला. स्टूल मालकाकडेच राहिलं. त्या मुरबाडकडे, माहेरच्या घरी भावजयीजवळ राहायला गेल्या. त्यांच्या जागेत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

मी कव्हरं करतो अजून. लोक मोबाइलवर काढलेले फोटो पाठवतात. अडलो तर बाईंना फोन लावायचो, पण त्या फोन उचलायच्या नाहीत. भावजय सांगायची, “त्या घरात असतात कुठं?”

गेल्या लग्नसराईत सिद्धगडाच्या बाजूला एका लग्नाचं बोलावणं आलं. पत्रिका मीच छापल्या होत्या. पोहोचलो तेव्हा हळद चालू होती. मांडवात एका कडेला बायका रांगेत बसल्या होत्या. मधोमध आजी. ती एक ओळ म्हणायची आणि बाकीच्या ती उचलून पुढे न्यायच्या. आजीच्या उजव्या बाजूला, डोक्यावर पदर घेऊन, बाई बसल्या होत्या.

आवाज बेसूर होता. मोठ्याने गात होत्या. दोनदा शब्द चुकले, तिसऱ्यांदा ओळ मध्येच सुटली. आजीने न बघता कोपराने ढोसलं. “पुन्ना म्हण,” म्हणाली. बाईंनी मान हलवली, घसा साफ केला, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली.